मोटारीचे पासिंग आणि हाकणाऱ्याची जबाबदारी

श्रोतेहो, १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत लोहमार्ग गेला आणि वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, दौंडपासून मनमाडकडे जाणारा फाटा निघाला. तेव्हापासून दौंड हे जंक्शन आहे. अशा जंक्शनावर ज्यांनी गाडीची वाट पाहिली असेल त्यांनी एक गोष्ट पाहिलीच असेल. गाडी येऊन उभी राहिली की रेल्वेची माणसे डब्यांच्या कडेने चालत, वाकून वाकून चाके, ब्रेक आणि जोडण्या पाहत जातात. पूर्वी त्यांच्या हाती लांब दांड्याचा हातोडा असे. चाकावर ठोका दिला की खणखणीत नाद आला तर चाक शाबूत, आवाज बद्द आला तर त्यात तडा, अशी ती परीक्षा. चालकाचा ह्या तपासणीशी संबंध नसतो. रेल्वेने त्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो आणि तो प्रत्येक प्रवासात कोठे ना कोठे गाडीस भेटतोच.

सडकेवरून धावणाऱ्या मोटारीस असा तपासणीस वर्षातून एकदा भेटतो, कित्येकींना दोन वर्षांतून एकदा, आणि खासगी मोटारीस तर पंधरा वर्षे भेटतच नाही. मग उरलेल्या दिवसांत ते हातोड्याचे काम कोणी करावयाचे? कायद्याने ते कोणाकडे तरी सोपविले आहे. पण ज्यांच्याकडे सोपविले आहे त्यांतील पुष्कळांस त्याची वार्ताही नाही. आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः ह्याविषयी.

ह्या बोलण्यासाठी शिरूर व दौंड हे दोन तालुके मी मुद्दाम निवडले आहेत. पुण्याहून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, जाणारा हमरस्ता शिक्रापूर, रांजणगाव आणि शिरूर ह्या गावांवरून जातो. पुण्याहून सोलापुरास जाणारा रस्ता यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा दौंड तालुका ओलांडतो. रांजणगावास कारखान्यांची वसाहत आहे, कुरकुंभास रासायनिक कारखान्यांची. ह्या दोन हमरस्त्यांच्या मध्ये न्हावरे, पारगाव, केडगाव अशा वाटेने भीमा ओलांडून जाणारा रस्ता आहे. त्यावर हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मालट्रक, रसायनांचे टँकर, कामगारांच्या बसगाड्या, टेंपो, दुधाच्या जीपगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि ह्या सर्वांच्या मधून वाट काढणारी मोटारसायकल! मोटारीच्या कायद्याचे जवळजवळ प्रत्येक कलम ह्या पन्नाससाठ किलोमीटरांच्या पट्ट्यात रोज कसास लागते.

नगर-पुणे रस्त्यास तर एक मानही आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस अहमदनगरहून पुण्यास निघाली ती शिरूरवरूनच गेली. त्यापूर्वी खासगी मोटारवाले गाडी भरेल तेव्हा सोडीत आणि भरून उरली तरी माणसे घेत. प्रवासी वाहतूक सरकारने आपल्या हाती घेतली त्यामागे भाड्याचा प्रश्न होता तसा सुरक्षितपणाचाही होता.

कायदा त्याहून जुना आहे. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा कायदा आला. भाड्याने चालणाऱ्या वाहनास योग्यता प्रमाणपत्र हवे हे त्यात होते आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा करणारे त्यातील प्रकरण १९४६ च्या जुलैपासून लागू झाले. सध्या चालू आहे तो १९८८ चा मोटार वाहन कायदा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड पुष्कळ वाढले.

आता पासिंग. कायद्यात ह्याचे नाव योग्यता प्रमाणपत्र असे आहे, पण गॅरेजात, वजनकाट्यावर आणि चहाच्या टपरीवर सर्वत्र 'पासिंग' हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच वापरीन. पासिंग लागते ते परिवहन वाहनास, म्हणजे भाड्याने माणसे अथवा माल नेणाऱ्या वाहनास : ट्रक, बस, टेंपो, टॅक्सी, रिक्षा. नव्या वाहनाचे पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. पुढे वाहन आठ वर्षांचे होईतो दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी ते नवे करून घ्यावे लागते. शिरूर तालुक्यातील वाहने पुण्याच्या परिवहन कार्यालयाकडे जातात, त्यांच्या पाटीवर १२ हा आकडा. दौंडची वाहने बारामतीच्या कार्यालयाकडे, त्यांचा आकडा ४२. दोन शेजारी गावांतील दोन भावांनी एकाच दुकानातून टेंपो घेतले तरी त्यांची कचेरी वेगळी असू शकते.

घरच्या वापराची मोटार व मोटारसायकल ह्यांस हे वार्षिक पासिंग नाही. त्यांची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावयाची. विलायतेत १९६० पासून जुन्या खासगी मोटारींचीही सक्तीची तपासणी सुरू झाली आणि तेथे आज तीन वर्षांहून जुनी मोटार दरवर्षी दाखवावी लागते. आपल्याकडे तसे नाही ह्याचा आनंद मानणारे पुष्कळ आहेत. मला त्यात आनंदासारखे काही दिसत नाही. जे काम तेथे सरकारी छाप असलेल्या गॅरेजाने करावयाचे ते येथे मालकाच्या शिरावर आले, इतकाच त्याचा अर्थ.

पासिंगच्या वेळी काय पाहतात? प्रथम सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी जुळतो की नाही हे. मग ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, इंडिकेटर, भोंगा, काचेवरचा वायपर, टायर, मागचे तांबडे परावर्तक, वेग आवरणारे यंत्र, धुराचे प्रमाणपत्र. विमा, कर आणि परवाना चालू असल्याचे कागद. ह्यांत ब्रेकची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि हीच वर्षानुवर्षे नावापुरती होत असे. गाडी कचेरीच्या आवारात उभी करावी, निरीक्षकाने तीभोवती फेरी मारावी आणि कागदावर शिक्का पडावा! ह्या प्रकाराविरुद्ध पुण्याचे श्रीकांत कर्वे ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ब्रेक खरोखरच तपासावयाचे तर गाडी वेगाने नेऊन थांबविता येईल असा निदान २५० मीटर लांबीचा मार्ग प्रत्येक कार्यालयास हवा, असे न्यायालयाने २०१६ साली बजाविले. पुणे कार्यालयासाठी असा मार्ग सासवडच्या वाटेवर दिवे येथे झाला. पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. तेथे चाके फिरत्या रुळांवर ठेवून ब्रेकचा जोर यंत्राने मोजतात आणि दिव्याचा झोत कोठे पडतो हेही यंत्रच सांगते. यंत्राला ओळखपाळख नसते, हा त्याचा मोठा गुण!

परंतु श्रोतेहो, येथेच लोकांची एक समजूत फार घातक ठरते. पासिंग झाले म्हणजे वर्षभर गाडी निर्दोष, असे लोक धरून चालतात. तपासणीच्या दिवशी नवे टायर भाड्याने चढवून दुसऱ्या दिवशी जुने गुळगुळीत टायर परत बसविणारे महाभाग सर्वांच्या पाहण्यात असतील. कायद्याचे म्हणणे अगदी वेगळे आहे. कलम ५६ प्रमाणे वाहन नियमास धरून राहिलेले नाही असे दिसले तर ते प्रमाणपत्र मुदतीच्या आतही रद्द करता येते. आणि प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन हे नोंदणीच न झालेले वाहन समजले जाते. ते रस्त्यावर आणले तर पहिल्या खेपेस पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ह्याहून महत्त्वाचे कलम १९० वे. सार्वजनिक ठिकाणी सदोष वाहन जो चालवितो, चालवावयास लावतो अथवा चालवू देतो तो दोषी, असे ते कलम सांगते. दोष म्हणजे कोणता? त्या माणसास ठाऊक असलेला. किंवा, हे नीट ऐकावे, साधी दक्षता घेतली असती तर जो त्यास कळून आला असता असा. 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर येथे पुरत नाही. टायरची नक्षी झिजून गेली आहे, मागचा दिवा लागत नाही, ब्रेकचे पायडल खोल जाते, ट्रॉलीच्या हुकाची पिन वाकली आहे : हे पाहण्यास अभियंता लागत नाही. गाडीभोवती एक फेरी मारणारा माणूस लागतो. रेल्वेच्या तपासणिसाचा हातोडा कायद्याने येथे चालकाच्या हाती दिला आहे आणि मालकाचाही हात त्याला लावला आहे. ह्या कलमाचा दंड दीड हजार रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन इजा वा नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजारांपर्यंत दंड.

ह्या फेरीचे मोल किती, हे थोड्या हिशोबाने सांगतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेतो एक सेकंद तरी जातो. त्यानंतर चांगल्या ब्रेकची, चांगल्या टायरची मोटार थांबण्यास आणखी अठ्ठावीसएक मीटर घेते. म्हणजे एकूण पंचेचाळीस मीटर. ब्रेकचा जोर निम्म्यावर आला असेल तर हीच बेरीज त्र्याहत्तर मीटरांच्या आसपास जाते. भरलेल्या ट्रकास ह्याहूनही जास्त. डिप केलेल्या दिव्यांत आपणांस रस्ता स्पष्ट दिसतो तो तीसचाळीस मीटर. आता आपण रात्री पारगावच्या बाजूने न्हावऱ्याकडे येत आहात. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी पंधराच्या वेगाने चालला आहे, ऊस मागे लोंबल्याने दिवा झाकला गेला आहे आणि परावर्तक मुळात नाहीच. मोटारसायकलवाल्यास त्या काळ्या ढिगाचा पत्ता कधी लागणार? गळीत हंगाम सुरू झाला की असे अपघात वर्तमानपत्रांत येऊ लागतात आणि त्यांत पुष्कळदा मोटारसायकलवरचा तरणा मुलगा गेलेला असतो. दोन तांबडे परावर्तक आणि थोडी चकाकती पट्टी ह्यांची किंमत उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही. मागे परावर्तक हवेत हा नियम ट्रेलरलाही लागू आहे. नसते ते नियमाच्या अभावी नसते असे नाही. बांधणारा थकलेला असतो, मुकादमास घाई असते आणि काट्यावर रांग लागलेली असते.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि ती ह्या भागास फार लागू पडते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. शेतीचा ट्रॅक्टर नियमाप्रमाणे परिवहन वाहन नव्हे. आपल्या शेतात नांगर धरणाऱ्या ट्रॅक्टरास वर्षावर्षाला पासिंग करावे लागत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच ट्रॅक्टरास ट्रेलर जोडून मालाची वाहतूक सुरू केली की चित्र बदलते. ट्रॅक्टर व ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली नटवर पारीख कंपनीच्या खटल्यात दिला आहे. ऊस वाहणाऱ्यास मोबदला मिळतो तो टनामागे. म्हणजे हे भाडेच झाले. आता ट्रॅक्टरचा विमा पुष्कळदा केवळ शेतीच्या कामापुरता काढलेला असतो, कारण तो स्वस्त पडतो. अपघात झाला म्हणजे माल कोणाचा, भाडे ठरले होते की नाही, ट्रेलरची नोंद व विमा वेगळा होता का, हे प्रश्न विमा कंपनीचा वकील विचारणारच. त्यांची उत्तरे धुराड्यातून धूर निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, शोधून ठेवावीत.

टनावर मोबदला असल्याने दुसरेही एक दुखणे निर्माण होते : जादा भरती. त्यास कलम १९४ प्रमाणे वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज गाडी हलवू देत नाहीत. चालक नोकर असेल तर ही जादा भरती मालकाच्या माहितीने अथवा हुकुमाने झाली असे न्यायालयास गृहीत धरता येते. हे कलम कायदा करणाऱ्यांनी फार विचाराने घातले आहे असे मला वाटते. 'शेठने सांगितले' म्हणणारा चालक आणि 'मी घरी होतो' म्हणणारा मालक ह्या दोघांची वाट त्याने एकदमच बंद केली.

पासिंग नसताना अपघात झाला तर विम्याचे काय होते? तिऱ्हाइताच्या विम्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचे २००४ सालच्या स्वर्ण सिंग खटल्यातील धोरण असे की लायसन्ससारख्या अटीचा भंग झालेला असला तरी कंपनीने जखमी माणसास अथवा मृताच्या वारसांस भरपाई द्यावी आणि योग्य ठिकाणी ती मालकाकडून वसूल करून घ्यावी. योग्यता प्रमाणपत्र नसणे हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग होय, असे केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१८ साली ठरविले. अशा निर्णयाचा अर्थ साध्या भाषेत सांगावयाचा तर कंपनीने भरलेली रक्कम मालकाच्या दारी येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा कित्येक लाखांचा असतो. एका टेंपोवर संसार चालविणाऱ्या माणसाचे घर आणि दोन एकर जमीन त्यात जाऊ शकते. आणि पासिंगसाठी तो चुकवू पाहत होता तो फक्त एका दिवसाचा खाडा!

चालकाच्या स्वतःच्या कागदांविषयी थोडक्यात सांगतो. लायसन्स त्या वर्गाच्या वाहनाचे हवे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालविता येते की नाही हा वाद बरीच वर्षे चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते चालते असे म्हटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. छोटे टेंपो चालविणाऱ्या पुष्कळ तरुणांचा जीव त्यामुळे भांड्यात पडला. ट्रक व बस ह्यांस अर्थातच जड वाहनाचे लायसन्स लागते. कुरकुंभाकडे जाणाऱ्या रसायनांच्या टँकरचा चालक तर धोकादायक मालाच्या वाहतुकीचे वेगळे शिक्षण घेतलेला असला पाहिजे आणि आत काय आहे, गळती झाल्यास काय करावे, ह्याची माहिती गाडीवर व गाडीत असली पाहिजे. गावकऱ्यांनीही टँकर उलटला म्हणजे भांडी घेऊन धावण्यापूर्वी ती पाटी दुरून वाचावी. नोंदणी, विमा, लायसन्स, धुराचा दाखला हे कागद आता फोनवरील सरकारी डिजिलॉकरातून दाखविले तरी नियमाप्रमाणे चालतात. फोनची बॅटरी मात्र आपली आपण सांभाळावी.

खासगी मोटारसायकलवाल्यांनी, आपला ह्याशी संबंध नाही असे समजू नये. धुराचा दाखला नव्या वाहनास पहिले वर्षभर लागत नाही; मग भारत स्टेज चार व त्यापुढील वाहनांस वर्षातून एकदा आणि त्याहून जुन्यांस सहा महिन्यांनी लागतो. विम्याची खोच निराळीच आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटारसायकल घेताना तिऱ्हाइताचा विमा एकदम पाच वर्षांचा आणि मोटारीचा तीन वर्षांचा काढावा लागतो. तेव्हा दुकानदारच सर्व करून देतो आणि मालक ते विसरून जातो. सहाव्या वर्षी गाडी चांगली धावत असते, पण विमा संपलेला असतो. त्या गाडीखाली कोणी आला तर द्यावयाची भरपाई चालविणाऱ्याच्या व मालकाच्या खिशातून. आज घरी गेल्यावर त्या कागदावरची तारीख पाहावी.

शेवटी अपघातानंतरचे कर्तव्य, कारण तेथे भीतीमुळे माणसे फार चुकतात. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमी माणसास दवाखान्यात पोहोचविण्याची शक्य ती खटपट केली पाहिजे. जमाव चवताळला असेल अथवा गोष्ट आपल्या हाती राहिली नसेल तर कायदा त्याला ह्यातून सूट देतो. म्हणजे जीव वाचविण्यासाठी तेथून निघून जाणे हा गुन्हा नव्हे. पण मग सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात गेले पाहिजे. जे घडले त्याची खबर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, द्यावयाची असते. विमा कंपनीस लेखी कळवावयाचे ते वेगळे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून जाऊन खबर न देणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे जे उपकलम, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबविली होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम लागू करण्यात आले नाही. चोवीस तासांत खबर देण्याचे मोटार कायद्यातील बंधन मात्र त्यामुळे तसूभरही सैल झालेले नाही.

आणि जो केवळ वाटसरू आहे, ज्याने रस्त्यात पडलेल्यास उचलून शिरूरच्या अथवा दौंडच्या रुग्णालयात नेले, त्यास २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ खाली संरक्षण दिले आहे. सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, त्याला आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि साक्षीदार व्हावयाचे की नाही हे त्याने स्वतः ठरवावयाचे असते.